चर्चचा कार्बन आणि सासूबाईंचा ऑर्गन

जगातल्या बऱ्याच आपत्तींची सुरुवात कुणीतरी "त्यात काय एवढं?" असं म्हणण्यापासून झालेली आहे. चर्चच्या पंचकमिटीच्या बैठकीत हे वाक्य निरीक्षकांच्या तोंडून गेलं, आणि तेही सासूबाई पलीकडच्या खोलीत गीतांची पुस्तकं रचत असताना. सासूबाईंना चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नसे. पण दोन भिंतींपलीकडचा जावई त्यांना लख्ख ऐकू येई.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. शहरात त्यांचा दरारा होता. ते बाजारात नुसते शिरले तरी तराजूंचे काटे सावधान होऊन उभे राहत. घरात मात्र दरारा वगैरे काही नव्हतं. घरात बायको होती, आणि वर्षभरापासून बायकोची आई होती.

बैठकीपुढचा विषय गंभीर होता. मुख्य कार्यालयाकडून निरोप आला होता, की पृथ्वी तापते आहे आणि तिला तापवण्यात आपल्या इमारतींचाही हातभार लागतो आहे. (पृथ्वी तापते आहे हे ऐकून कमिटीतल्या सगळ्यांनी आपापले मफलर आणखी एक वेढा घट्ट केले.) तेव्हा जे चर्च या हिवाळ्यात आपली वीज आणि आपला कार्बन निम्म्यावर आणणार नाही, त्याला हिवाळाभर कुलूप. तिथल्या मंडळीनं थंडी सरेपर्यंत मोठ्या रस्त्यावरच्या नव्या चर्चमध्ये उपासनेला जायचं. तिथं खुर्च्यांना गाद्या होत्या, खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. ऑर्गन नव्हता. एक कीबोर्ड होता आणि तो वाजवायला एक टाय लावलेला तरुण होता. तो तरुण म्हणे एक बटण दाबून हाताची घडी घालून बसे आणि बाकीचं यंत्र बघून घेई.

"म्हणजे माझं काय?" पलीकडच्या खोलीतून प्रश्न आला.

 सासूबाई ऑर्गनवर कधीपासून बसतात हे सांगणारा माणूस मंडळीत उरलेला नव्हता. स्वतःच्या लग्नातही नवरीच्या आगमनाची धून त्यांनीच वाजवली होती, आणि ती संपता संपता मागच्या दारानं धावत जाऊन पुढच्या दारातून नवरी म्हणून आत आल्या होत्या. त्यांच्या यजमानांना अखेरपर्यंत वाटे, की लग्नाच्या दिवशी ही लाजून लाल झाली होती.

चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, हळूच म्हणाले, "निम्म्यावर आणायचं म्हणजे कुणीतरी हे काम अंगावर घ्यायला हवं."

तेव्हा निरीक्षक म्हणाले, "त्यात काय एवढं?"

"आमचे जावई?" सासूबाई दारात येऊन म्हणाल्या. "ते मापाला पक्के आहेत हो. पण चहा टाका म्हटलं तर पाणी मोजण्यात दूध नासतं."

कमिटी हसली. निरीक्षकांना हसलेलं चालत नसे. त्यांनी ताडकन उभं राहून जाहीर केलं, की कार्बन निम्म्यावर आणून दाखवीन; नाहीतर पुन्हा या कमिटीत पाऊल ठेवणार नाही. कमिटीतल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर दोन्ही पर्याय सारखेच आवडल्याचं दिसलं.

रात्री जेवताना बायको एवढंच म्हणाली, "अहो, नीट करा. आईकडे दुसरं काही नाहीये."

*

मोहिमेची बातमी फुटताच सल्ल्यांचा पूर आला. आपल्याकडे एखाद्या कामाला माणसं मिळत नाहीत ही तक्रार खोटी आहे. काम सांगणारी माणसं हवी तेवढी मिळतात.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "छपरावर सोलर टाका. मी दवाखान्यावर टाकलंय. सूर्य फुकट दात कोरतो."

बेकरीवाले म्हणाले, "डॉक्टर म्हणत असतील तर सोलर टाकू नका."

या दोघांचं वैर जुनं होतं. एके काळी बेकरीवाल्यांचं टोस्ट खाताना डॉक्टरांनी बसवलेला एक दात तुटला होता. दात होता तिसऱ्याच एका सभ्य गृहस्थाचा. तो गृहस्थ गाव सोडून गेला, पण टोस्ट कडक होतं की दात कच्चा होता, हा वाद मागे राहिला. तेव्हापासून डॉक्टर चर्चमध्ये उजवीकडे खांबाजवळ बसत आणि बेकरीवाले डावीकडे दाराजवळ. मध्ये सगळं ख्रिस्ती बंधुप्रेम पसरलेलं असे.

सोलरच्या परवानगीसाठी निरीक्षक जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या कार्यालयात गेले. खिडकीपलीकडे एक कारकून बसला होता. तो स्वतःही जतन केल्यासारखाच दिसत होता.

"छपराला हात लावायचा नाही," कारकून म्हणाला. "छप्पर जतनात आहे."

"मग खिडक्यांना दुहेरी काच?"

"खिडक्या जतनात आहेत."

"निदान दाराखिडक्यांच्या फटी तरी बुजवू का?"

कारकुनानं विचार केला. "फटी मूळच्या आहेत का नंतरच्या?"

"म्हणजे?"

"मूळच्या असतील तर त्याही जतनात येतात. तसं तपासून सांगा. उद्या या."

निरीक्षक स्वतः सरकारी नोकर. "उद्या या" हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलं होतं. ते वाक्य दुसऱ्या बाजूनं ऐकायला कसं लागतं हे त्यांना प्रथमच कळलं, आणि परत येताना त्यांनी दोन दुकानदारांना उगीचच माफ केलं.

फटी त्यांनी स्वतःच तपासल्या. आपल्या अधिकारात त्या सगळ्या नंतरच्या ठरवल्या आणि सगळीकडे जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या ठोकल्या. काम इतकं चोख झालं, की रविवारी मंडळी आत गेल्यावर मुख्य दार जे घट्ट बसलं ते उघडेना. पाळकसाहेब झगा घालून बाहेर, मंडळी आत. आत सासूबाईंनी आगमनाचं गीत सुरू केलेलं. गीताची कडवी संपली, पाळकसाहेब आले नाहीत. सासूबाईंनी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी पाळकसाहेब मागच्या स्वयंपाकघरातून, झग्याच्या बाहीला मोरीचा साबण लावून आत आले तेव्हा मंडळीचा आवाज बसला होता.

"माप चुकलं वाटतं," सासूबाई घरी म्हणाल्या.

"मापात चूक नाही," निरीक्षक म्हणाले. "दार फुगलंय."

"दारच कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

*

मग निरीक्षक दिव्यांकडे वळले. त्यांनी सगळीकडे हालचाल ओळखणारे दिवे बसवून घेतले. कुणी हललं की दिवा लागे, कुणी हललं नाही की जरा वेळानं आपला आपण मालवे. रिकाम्या खोलीत दिवा जळणार नाही, अशी ही शास्त्रशुद्ध व्यवस्था होती. ती करताना पाळकसाहेबांचं प्रवचन कुणाच्या लक्षात आलं नाही.

पाळकसाहेब देवमाणूस होते, पण त्यांचं प्रवचन अंगाई होतं. त्या रविवारी ते सहनशीलतेवर बोलत होते. पहिल्या मुद्द्याला मागच्या बाकांवरचा दिवा गेला. दुसऱ्या मुद्द्याला मधले गेले. काळोख सभ्य पावलांनी एकेक रांग पुढे येत होता. आतापर्यंत प्रवचन किती चांगलं होतं हे फक्त माणसं सांगत, आणि माणसं दारात हात मिळवताना खोटंच सांगतात. दिव्यांना तो शिष्टाचार माहीत नव्हता. तिसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर संपूर्ण चर्च अंधारात बुडालं, आणि मग दाराजवळचा एकच दिवा भक्कन लागला. त्याच्या झोतात बेकरीवाले गोळीचा कागद सोडताना दिसले.

"हे निंदनीय आहे," पाळकसाहेब नंतर निरीक्षकांना म्हणाले. कागद की काळोख, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी स्वतःच्या हिकमतीनं इलाज काढला. वादळ शांत झाल्याची गोष्ट सांगताना त्यांनी हातांनी अशा लाटा उसळवल्या, की पहिल्या बाकावरच्या बाई खाली वाकल्या. दिवे लखलखत राहिले. मंडळी जागी राहिली. लोक म्हणाले, काय प्रवचन झालं आज! पाळकसाहेबांचा खांदा मात्र आठवडाभर दुखत होता.

दिव्यांमुळे वीज थोडी वाचली. पण खरा राक्षस वेगळाच होता: भिंतींवरचे मोठे हीटर. त्यांची सगळी ऊब सरळ वर, उंच छताकडे जाई. खाली मंडळी पाय आपटत प्रार्थना करी, आणि वर आढ्यावर कबुतरं डोळे मिटून बसलेली असत. सभासदांपैकी सर्वांत सुखी तीच.

एका शनिवारी निरीक्षक पट्ट्या तपासायला चर्चमध्ये गेले, तेव्हा सासूबाई एकट्याच सराव करत होत्या. हीटर बंद होते. सरावासाठी हीटर लावू नका, असं निरीक्षकांनीच दारावर चिकटवलं होतं. सासूबाईंनी कोट घातला होता, आणि बोटं मोकळी राहावीत म्हणून हातमोज्यांची टोकं कापली होती. एक ओळ वाजवायच्या, बोटांवर फुंकर घालायच्या, पुढची ओळ वाजवायच्या. निरीक्षक पाय न वाजवता परत फिरले. घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात एक विचार पक्का झाला होता. हवा तापवायची गरजच नाही. माणसं तापवायची.

*

कल्पना अशी. पुढच्या डाव्या बाजूच्या काही बाकांखाली छोटे, कमी विजेचे हीटर लावायचे. ते पोटऱ्यांना ऊब देतात, कबुतरांना नाही. आणि सगळ्यांनी तिथंच, खांद्याला खांदा लावून बसायचं. मोठे हीटर कायमचे बंद. आकडेमोड केली तर कार्बन निम्म्याहूनही खाली येत होता. निरीक्षकांनी ती पुन्हा पुन्हा केली. प्रत्येक वेळी तीच आली. शास्त्रात कुठंही खोट नव्हती. फक्त त्यात बाक होते, आणि त्यांवर माणसं बसायची होती.

ते चर्च बांधलं गेलं तेव्हा त्यात शेकडो माणसं मावतील असा हिशेब होता. आता येत असतील मोजकीच. पण प्रत्येक घराचा बाक ठरलेला. कुणी समुद्रावर बेटं टाकावीत तशी माणसं दूर दूर बसलेली असत. "शेजाऱ्याला शांतीचं अभिवादन करा" म्हटलं, की लोक एकमेकांना आगगाडी सुटताना करतात तसे हात करत.

निरीक्षक टेप घेऊन दारोदार गेले. कोणत्या बाकावर किती माणसं मावतील हे ठरवायला त्यांना प्रत्येकाची बसती रुंदी हवी होती. "कोटासकट," ते नम्रपणे सांगत. तीन घरांतून त्यांना चहा न देता वाटेला लावण्यात आलं. डॉक्टरांच्या पत्नीनं टेपकडे पाहिलं, निरीक्षकांकडे पाहिलं आणि आत जाऊन डॉक्टरांनाच बाहेर पाठवलं.

"आमच्या हिचं माप घेणार?" डॉक्टर म्हणाले. "पंचवीस वर्षांत मी ती हिंमत केली नाही."

गल्लीच्या टोकाला एक म्हाताऱ्या मावशी राहत. त्या खिडकीजवळच्या बाकावर बसत आणि शेजारची जागा मोकळी ठेवत. "आमचे हे तिथं बसायचे," त्या म्हणाल्या. "मी तिकडे आले, तर त्यांचं कसं होईल?" निरीक्षकांनी बाकांच्या नकाशात मावशींच्या नावापुढे दोन माणसांची जागा आखली. अनेक वर्षांत त्यांनी जाणूनबुजून चुकवलेलं हे पहिलंच माप होतं.

अखेर होकार सगळ्यांनीच दिला. प्रत्येकाचं उत्तर एकच: "सगळे पुढे बसणार असतील, तर मी का आडमुठेपणा करू?"

रविवार उजाडला. बाकांखालचे हीटर पहाटेपासून सुरू होते. मंडळी आली. प्रत्येकानं सगळे पुढे बसलेत का हे पाहिलं, बसलेले नाहीत असं पाहिलं, आणि जो तो आपापल्या बाकावर जाऊन बसला. पुढचे बाक रिकामे राहिले. मग वरून पंखांची फडफड झाली. छताकडची ऊब बंद झाल्याचं कबुतरांच्या ध्यानात आलं होतं. ती एकामागोमाग एक खाली उतरली आणि पुढच्या डाव्या बाकांवर, खांद्याला खांदा लावून बसली.

"तुमची योजना कुणाला तरी पटली," सासूबाई ऑर्गनवरून म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मुख्य कार्यालयाची बाई पुढच्याच रविवारी पाहणीला येणार होती.

*

तिचं नाव कुणालाच नीट कळलं नाही. आधीपासून सगळे तिला कार्बनबाईच म्हणत होते. पहाटेपासून आभाळ भरून आलेलं, आत दिव्याशिवाय पुस्तकातली अक्षरं दिसू नयेत इतकं अंधारून आलेलं, आणि थंडी अशी की पाळकसाहेबांचा श्वास त्यांच्या आधी वेदीजवळ पोचत होता. कार्बनबाई हातात एक मोजयंत्र घेऊन आल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत खांबाजवळच्या बाकावर बसल्या.

तो डॉक्टरांचा बाक होता. डॉक्टर आले, थबकले, आणि पाहुण्यांना उठवणं बरं दिसत नाही म्हणून पलीकडच्या बाकावर बसले. त्या बाकाचे मालक आले. ते पुढच्या बाकावर. घराघरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला नकाशा एका अनोळखी बाईनं एका बैठकीत मोडला. लोक परक्या बाकांवर पाहुण्यांच्या घरच्या सोफ्यावर बसावं तसे टोकाला बसले होते.

निरीक्षकांचे डोळे मात्र कार्बनबाईंच्या पायांकडे लागले. तिथं काहीतरी लाल दिसत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ही मंडळी भांडखोर असेल, हट्टी असेल. पण पाहुण्याला थंडी वाजलेली तिला खपत नसे. बाई लांबून येणार, चर्च गारठलेलं असणार, काय म्हणतील आपल्याला? या विचारानं डॉक्टरांच्या पत्नीनं घरचा छोटा हीटर आणून तो खांबाजवळ गुपचूप लावला होता. बेकरीवाल्यांनीही, कुणाला न सांगता, आणला होता. पाळकसाहेबांनी अभ्यासिकेतला आणला होता. आणखीही दोघातिघांनी आणले होते. बाई कुठं बसतील हे ठाऊक नव्हतं म्हणून ते सगळीकडे होते. वीज किती कमी केली हे पाहायला आलेल्या बाईसाठी मंडळीनं एका दिवसात वर्षभराची वीज जमा केली होती.

"अरे, बंद करा ते," निरीक्षक कुजबुजले.

"पाहुण्या आहेत हो त्या," बेकरीवाले दुखावले गेले.

तेवढ्यात सासूबाईंनी ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या मोटरचं बटण दाबलं.

मोठा आवाज झाला. निळी ठिणगी उडाली. दिवे, हीटर, मोटर, पाळकसाहेबांसमोरचा माइक, सगळं एका दमात गेलं. "मेन फ्यूज!" मंडळीतला वायरमन ओरडला. "तार घरी आहे, घेऊन येतो." आणि तो पळाला.

काळोख. गारठा. वर कबुतरांची नाराज घुटर्र.

"म्हणजे आज उपासना नाही?" कार्बनबाईंचा आवाज आला. तो आवाज काहीतरी ठरवून टाकल्यासारखा होता. निरीक्षकांना कुलूप दिसू लागलं. दारावरचं कुलूप, आणि दाराबाहेर टोकं कापलेले हातमोजे घालून उभ्या असलेल्या सासूबाई.

"कोट काढा," सासूबाई ऑर्गनवरून म्हणाल्या.

"आई, एवढ्या थंडीत?" बायको म्हणाली.

"अंगावरचे नव्हे. दांड्यावरचे."

ऑर्गनच्या बाजूला एक लांब लाकडी दांडा भिंतीतून बाहेर आलेला होता. गायकवृंद त्यावर कोट, छत्र्या, पिशव्या अडकवत असे. खुंटी एवढी मोठी कशाला, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कोट उतरवले. "मोटर यायच्या आधी हा हातानं ओढायचे," सासूबाई म्हणाल्या. "आत भाता आहे. जावईबापू, ओढा."

निरीक्षकांनी ओढला. आत कुठंतरी एका अवाढव्य म्हातारीनं जांभई दिल्यासारखा आवाज झाला, धूळ उडाली, आणि सासूबाईंनी बोटं टेकली. ऑर्गन वाजला. मोटरच्या घुरघुरीशिवाय तो कुणी कधी ऐकलाच नव्हता. इतका स्वच्छ, की कबुतरंही गप्प झाली.

पहिल्या कडव्याला निरीक्षकांनी मफलर काढला, दुसऱ्याला कोट, तिसऱ्याला त्यांचा वजनमापे खात्याचा करारीपणा गळून पडला. "दम लागला," ते धापा टाकत म्हणाले. "पण ऊब काय आलीय!"

ते शेवटचं वाक्य काळोखातून सगळीकडे पोचलं.

"मी बघू का जरा?" बेकरीवाले लगेच उठून आले. "कणीक मळायची सवय आहे मला."

"हृदयाला चांगलं असतं," डॉक्टरही येऊन पोचले. "वैद्यकीय दृष्ट्या मीच आधी करायला हवं."

दांडा एकट्यानंही ओढता येई, पण मुळात तो दोघांसाठी होता. एकानं खाली रेटायचा, दुसऱ्यानं वर उचलायचा. मागे हटायला दोघंही तयार नव्हते. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि गीताच्या तालात सुरू झाले.

"टोस्ट," बेकरीवाले खाली जाताना म्हणाले, "कडक नव्हतं!"

"दात," डॉक्टर वर येताना म्हणाले, "कच्चा नव्हता!"

"भिजवून... खायला... सांगायचं होतं!"

"सांगितलं... होतं! ऐकतो... कोण!"

"हो... का? मग... गृहस्थच... गाढव!"

"तेच... तर... मी... म्हणतोय!"

आणि एवढ्या वर्षांनी दोघांचं एका वाक्यावर एकमत झालं.

मग रांगच लागली. ज्याला थंडी वाजत होती तो आला, आणि थंडी सगळ्यांनाच वाजत होती. ज्यांची पाळी यायची होती ते जवळच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले, ज्यांची झाली होती ते वाफाळत त्यांच्यात घुसून बसले. डॉक्टरांच्या पत्नीनं तर पदर खोचून असा दांडा रेटला, की सासूबाईंना एकदम सगळे मोठे सूर उघडावे लागले. मावशी आल्या, बाकाच्या कडेला टेकल्या आणि शेजारी आपली पिशवी ठेवली. एवढ्या गर्दीत त्या पिशवीला कुणी हात लावला नाही. पाळकसाहेबांनी अंधारात, न हलता प्रवचन दिलं आणि कुणालाही झोप आली नाही, कारण पाळी चुकली असती.

कार्बनबाई खांबाजवळ एकट्याच कुडकुडत होत्या. शेवटी त्या मोजयंत्र घेऊन उठल्या. "मोजमापासाठी," असं पुटपुटत त्यांनी दांडा धरला. दोन कडव्यांनंतर त्यांचा कोट बाकावर होता आणि केस कपाळावर. यंत्र त्यांनी मंडळीच्या मध्यभागी धरलं. उबेचा काटा वर गेला होता. विजेच्या मीटरकडे पाहिलं. तो थंडगार बंद.

तेवढ्यात वायरमन तार घेऊन आला. त्यानं फ्यूज बसवला. दिवे भसकन लागले, हीटर लाल झाले, आणि घामाघूम, लालबुंद, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली मंडळी स्वतःकडे पाहून ओशाळली. क्षणभरच. मग चहूकडून आरडाओरड झाली:

"मालवा! मालवा आधी ते!"

त्यात कार्बनबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता. वायरमन गोंधळला. आयुष्यात पहिल्यांदाच वीज आणली म्हणून त्याला शिव्या मिळत होत्या. त्यानं खटका पाडला. पुन्हा अंधार, पुन्हा समाधान.

निरोपाचं गीत उरलं होतं. दांड्यावर पुन्हा एकट्या निरीक्षकांची पाळी होती. कार्बनबाई रुमालानं मान पुसत त्यांच्यापाशी आल्या. "ही तुमची योजना?" त्या म्हणाल्या. "अप्रतिम आहे हो! असं मी कुठंच पाहिलं नाही. मला एकच गोष्ट लिहायची आहे, की हे चर्च हिवाळाभर उघडं ठेवावं. फक्त सांगा, दर रविवारी हे असंच चालतं ना?"

आता निरीक्षकांची पंचाईत झाली. मावशींच्या जागेएवढं सोडलं तर त्यांनी आयुष्यात खोटं माप दिलं नव्हतं. दाण्याचाही फरक त्यांना सोसत नसे. त्यांनी मान ताठ केली. "नाही," ते म्हणाले. "खरं सांगायचं तर आज फ्यूज—"

ऑर्गननं असा सूर मारला, की खिडक्या थरथरल्या.

"काय म्हणालात?" कार्बनबाई कानाला हात लावून ओरडल्या.

"म्हटलं, हे पहिल्यांदाच—"

सासूबाईंनी दोन्ही हात आणि दोन्ही पाय ऑर्गनवर टाकले. गीत शांततेचं होतं. आवाज युद्धाचा आला.

"ऐकू येत नाही!"

निरीक्षकांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ज्या हवेवर त्यांचं सत्य बुडवलं जातंय ती हवा त्यांच्याच हातून येते आहे. दांडा सोडला, की ऑर्गन दोन क्षणांत केविलवाणा होऊन गप्प बसेल, आणि मग त्या शांततेत खरं माप सगळ्यांना ऐकू जाईल. त्यांनी वर पाहिलं. सासूबाई पाठमोऱ्या होत्या. कोट केव्हाच काढलेला, हातमोजे पुस्तकाशेजारी पडलेले. बोटं उघडी होती आणि त्यांवर फुंकर घालायची गरज उरली नव्हती. त्यांनी मान वळवली नाही. फक्त वाजवता वाजवता जरासं थांबल्यासारखं केलं. एखादा माणूस पायरीवर पुढचं पाऊल टाकण्याआधी खाली पायरी आहे ना, हे चाचपतो तसं.

"हो का नाही, तेवढंच सांगा!" कार्बनबाई ओरडल्या.

वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी डोळे मिटले, दोन्ही हात दांड्यावर घट्ट केले, आणि होती नव्हती ती ताकद लावून तो खाली ओढला.